औषधाचा पन्हा

आमच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी आक्कांच्या पायांवर पहिल्यांदा सूज आली. लग्नासाठी नवी चप्पल घेतली होती, ती ऐन वेळी पायात जाईना. "चप्पल आटली," असं म्हणून त्या लग्नभर अनवाणी हिंडल्या. व्याह्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "फरशी गार आहे, पायांना बरं वाटतं." आठवडाभरात सूज गुडघ्यापर्यंत चढली आणि आडवं झालं की त्यांना धाप लागू लागली.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा, म्हणून भावाला त्यांनीच वाढवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पोरगं आयतं मिळालं, आता नवरा कशाला हवा?" त्या पोरग्याला त्यांनी शाळेऐवजी शिंप्याच्या दुकानात बसवलं, कारण शिंपी दुपारचं जेवण द्यायचा आणि शाळा देत नव्हती. पुढे त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. ज्यानं शाळेचा उंबरठा ओलांडला नाही त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणू लागली. मीही मास्तरच म्हणते. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याच दुकानात काजं-बटणं करायची, आणि तिथे 'अहो' अशी हाक मारली की चार गिऱ्हाइकं वळून बघायची.

मास्तरांना आकडे येत होते. टेपवरचे आकडे त्यांच्या बोटांना न बघताही कळायचे. अक्षर मात्र एक येत नव्हतं. सही तेवढी करायचे, तीही एका गिऱ्हाइकानं काढून दिलेली नक्षी म्हणून गिरवून गिरवून शिकलेली. हे मला ठाऊक होतं. आक्कांना ठाऊक नाही, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

त्याला कारण होतं. मास्तर विशीत असताना आक्का एकदा म्हणाल्या होत्या, "सगळं निभावलं रे, पण तुला शाळेत घातलं नाही, ते टोचतं." तेव्हा मास्तर बोलून गेले, "शाळा कशाला लागते? मी शिकलो की दुकानात. मालकानं शिकवलं." एकदा बोलले ते बोलले, मग ते जन्मभर निभावावं लागलं. संध्याकाळी दुकान बंद करून येताना ते पेपर घेऊन यायचे आणि आक्कांसमोर बसून बातम्या वाचून दाखवायचे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडून जे कानावर पडलं असेल ते सगळं, डोळे पानावर ठेवून, मध्येच पान उलटून. आक्का डोळे मिटून ऐकायच्या. मी भाजी निवडत खाली मान घालून बसायची. मला त्यांचं कौतुकही वाटायचं आणि अंगावर काटाही यायचा.

मला आणि आक्कांनाही वाचता येत नव्हतं, म्हणून घरातलं खरंखुरं वाचायचं काम धाकटी करायची. विजेचं बिल, बँकेचा कागद, दारावर चिकटवलेली नोटीस, सगळं ती. ती सासरी गेली आणि घरातली अक्षरं तिच्याबरोबर गेली.

दुकानातली एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे. गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, सदऱ्याला कापड किती आणू?" मास्तर कधीही एकदम आकडा सांगायचे नाहीत. आधी विचारायचे, "पन्हा किती?" पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. माणूस तोच, सदरा तोच, पण पन्हा अरुंद असेल तर कापड जास्त लागतं आणि रुंद असेल तर थोडक्यात भागतं. एक गिऱ्हाईक एकदा चिडून म्हणालं, "अहो, मागच्या वेळी जेवढं आणलं होतं, मोजून तेवढंच आणलंय. आता कमी कसं पडतं?" मास्तरांनी कापड टेबलावर पसरलं, त्यावर टेप आडवी धरली आणि म्हणाले, "तुम्ही मागच्याएवढेच आहात साहेब. पन्हा मागच्याएवढा नाही." पन्हा विचारल्याशिवाय त्यांनी कधी कात्री हातात घेतली नाही. शिकाऊ लोकांना ते हेच पहिल्यांदा शिकवायचे.

तर आक्कांना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, म्हणून अंगात पाणी साठतंय. पाणी उतरवायचं औषध सुरू केलं. गोळी आक्कांच्या घशात अडकायची, म्हणून पातळ औषध दिलं. सूज उतरली, धाप थांबली, आक्कांची जीभ पूर्ववत चालायला लागली, तेव्हा घरी सोडलं.

निघताना नर्सनं विचारलं, "घरी औषध कोण देणार?"

"मी," मास्तर म्हणाले. "मापाचं काम आहे, ते माझंच."

"शिंपी आहे तो," आक्का नर्सला म्हणाल्या. "औषधाचीही छाती-कंबर मोजेल, जपून राहा म्हणावं त्याला."

नर्स हसली. तिनं बिनसुईची सिरिंज बाटलीत बुडवून औषध वर ओढून दाखवलं. "बाबा, हे बघा. यांना रोज सकाळी वीस मिलिग्रॅम द्यायचंय. म्हणजे या बाटलीतलं पाच मिली. ही पाचची रेघ, इथपर्यंत. कळलं?"

"कळलं."

"एकदा सांगा बघू."

"पाचच्या रेघेपर्यंत, रोज सकाळी."

बरोबरच होतं ते. नर्सनं मान हलवली. तिनं वीस मिलिग्रॅम म्हटलं होतं आणि 'या बाटलीतलं' म्हटलं होतं. ते दोन्ही आम्हा दोघांच्या कानांवरून गेलं. आम्ही पाच तेवढा धरला. घरी आल्यावर मास्तरांनी सिरिंजवर पाचच्या रेघेला लाल दोरा गुंडाळून पक्की गाठ मारली. नजर कमी झाली तरी माप चुकायला नको, म्हणून. दोऱ्याचं टोक त्यांनी दातानं तोडलं, काम मनासारखं झालं की ते तोडायचे तसं.

पहिली बाटली महिनाभर नीट गेली. मास्तर सकाळी आंघोळ करून औषध द्यायचे, एखाद्या पूजेसारखं. आक्का तोंड उघडायच्या. "लहानपणी मी तुला भरवलं, आता तू मला. फिटलं," असं म्हणायच्या. मास्तर म्हणायचे, "अजून कुठे फिटलंय, तू रोज चावायचीस म्हणे मला." "मी नाही, तूच माझं बोट चावायचास." असं रोज चालायचं.

बाटली संपत आल्यावर मास्तर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात दुसरी आणायला गेले. तिथे काय झालं ते मला पुढे कळलं, पण जसं झालं तसं इथेच सांगते.

दुकानातल्या बाई म्हणाल्या, "तुमची नेहमीची बाटली कंपनीकडून येतच नाहीये. याच औषधाची दुसऱ्या कंपनीची बाटली देते. पण ही जास्त कडक आहे हां, आधीएवढी द्यायची नाही. मी वर चिठ्ठी लावलीय, वाचून द्या."

मास्तर विचारणारच होते, मग किती द्यायची. तोंड उघडलंही होतं म्हणे. तेवढ्यात मागून शाळेतल्या हेडसरांनी हाक मारली. त्यांचा कोट मास्तरांनी शिवला होता. "काय मास्तर? आम्हीही मास्तर, तुम्हीही मास्तर. फरक एवढाच की तुमचं कुणी ऐकतं." सगळे हसले. मास्तरही हसले, आणि बाईंकडे वळून म्हणाले, "हो, वाचतो."

वाचतो म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बाटली खिडकीपाशी धरली. आकडे दिसत होते. वीस होता, पन्नास होता, दोन होता, एक होता, आणि पाच होता. आकड्यांच्या मागची बारीक अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी. मास्तरांनी आपला पाच शोधला. सापडला. पाच मिलीमध्ये पन्नास मिलिग्रॅम, असं तिथे छापलेलं होतं, आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं की वीस मिलिग्रॅमसाठी दोन मिली, दिवसातून एकदा. पण आपला ओळखीचा पाच तिथे बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. कडक म्हणजे चवीला कडक असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तोच लाल दोरा, तेवढंच औषध. मला म्हणाले, "कंपनी बदलली. बाकी काही नाही."

चार दिवसांनी आक्कांची चप्पल पायात सैल व्हायला लागली. आम्ही खूश झालो. त्या म्हणाल्या, "ही बाटली भारी गुणाची दिसते. मला बाथरूममध्येच खाट टाकून द्या, तेवढ्या खेपा तरी वाचतील." आम्ही हसलो. मग त्यांना तहान लागायला लागली. जीभ टाळ्याला चिकटायची. डॉक्टरांनी पाणी कमी प्या म्हटलं होतं म्हणून मी घोटघोट द्यायची. मग रात्री पोटऱ्यांत गोळे. मग सकाळी उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधार.

मी मास्तरांना म्हटलं, "मास्तर, औषध जास्त तर होत नाही ना?"

कधी नव्हे ते माझ्यावर उखडले. "इतकी वर्षं बघतेस. मापात कधी चुकलोय का मी?"

नव्हते चुकले. खरंच नव्हते. डॉक्टरांना फोन करू म्हटलं तर म्हणाले, "सूज उतरतेय, फोन करून काय सांगणार? बरं वाटतंय म्हणून?" मला तेव्हाच एक शंका आली होती, पण ती शंका बोलून दाखवायची तर त्यांना विचारावं लागलं असतं, की चिठ्ठीवर काय लिहिलंय. आणि ते आमच्यात कधी विचारायचं नव्हतं. लंगड्याला धाव म्हणू नये, तसं होतं ते.

आक्कांनीही मला एकदा हळूच जवळ बोलावलं. म्हणाल्या, "अगं, त्याच्याजवळ बोलू नकोस. पण हे नवं औषध मला सोसत नाही."

"मग त्यांना सांगा ना."

"त्याला वाटेल मी मापात खोट काढतेय. किती हौसेनं देतो." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि कूस बदलली.

महिनाभर जायची ती बाटली दुसरा आठवडा पुरता सरायच्या आत संपली. बाटली मुळात लहान आहे, असं मास्तरांचं म्हणणं. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले, येताना भाजी घ्यायची होती. दुकानात गर्दी होती. मास्तर तोऱ्यातच पुढे झाले. "बाई, एवढीशी बाटली देता, पुरते कुठे?"

बाईंनी बाटली हातात घेऊन फिरवली. "संपली? ही तर महिन्याची आहे, आजोबा. तुम्ही किती देताय?"

आवाजात काही राग नव्हता. नुसतं विचारलं होतं. पण गर्दीतली माणसं थांबली. एकाची पँट मास्तरांकडे शिवायला होती, तो तर अगदी शेजारीच उभा. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या क्षणी त्यांना कळलं, मला दिसलं की त्यांना कळलं. काय चुकलं ते नाही, पण चुकलंय एवढं.

"सांडली," मास्तर म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. हात लागला."

बाईंनी दुसरी बाटली दिली. "सांभाळून. चिठ्ठी वाचताय ना?"

"हो."

मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही. वाटेत आम्ही भाजी घ्यायची विसरलो.

घरी आलो तर आक्का बाथरूमच्या दारात खाली बसलेल्या. पडल्या नव्हत्या, निदान त्या तसं म्हणत होत्या. "बसलेय जरा. फरशी गार आहे, बरं वाटतं." कोपराला खरचटलं होतं. तोंड इतकं कोरडं की ओठ दातांना चिकटत होते. आम्ही दोघांनी त्यांना उचलून खाटेवर आणलं. उचलताना त्या काहीच जड लागल्या नाहीत.

मास्तर खुर्चीत बसले. हातात नवी बाटली. तिच्यावर ते अंगठा फिरवत होते, जसं काही कापडाचा पोत बघावा.

मी म्हटलं, "मास्तर, बाटली सांडली नव्हती."

त्यांनी चिठ्ठीचा सुटलेला कोपरा नखानं दाबून बसवला.

"सांडली नव्हती. ती आक्कांच्या पोटात गेली."

"लोक होते तिथे," मास्तर म्हणाले.

"लोक काय, उद्या पँट घ्यायला येतील आणि जातील. आक्का एकच आहेत."

"जाऊन काय सांगू? इतकी वर्षं..." त्यांनी खाटेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती ऐकतेय."

"ऐकतेय म्हणूनच बोल," आक्का खाटेवरून म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "तुला वाचता येत नाही, हे मला कधीपासून ठाऊक आहे रे."

मास्तरांनी बाटली खाली ठेवली.

"चपलांची मोठी जाहिरात असते बघ, पानभर. बाई चप्पल दाखवत उभी. ते पान समोर धरून तू मला रेल्वेचा अपघात वाचून दाखवलास. सतरा जखमी म्हणालास. मी म्हटलं, चप्पल चांगलीच महागात पडली."

मास्तरांनी तोंडावर हात धरला. मला आधी वाटलं हसताहेत.

"मग बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"काय बोलू? शाळेत कुणी घातलं नव्हतं तुला?" आक्कांनी डोळे उघडले. "औषध जास्त होतंय, तेही कळत होतं. म्हटलं, बोलावं तर हे सगळं वर येणार. म्हातारीनं गप्प राहावं आणि चार खेपा जास्त माराव्यात. तुला लाज वाटू नये म्हणून मी गप्प, मला लाज वाटू नये म्हणून तू गप्प. आणि ही," त्यांनी माझ्याकडे हनुवटी उडवली, "ही तर दोघांची मिळून गप्प. आता जा. मला एवढ्यात मरायचं नाही, धाकटीचं बाळ बघायचंय."

मी आक्कांजवळ बसणार होते, पण शेजारच्या बाईंना हाक मारून त्यांच्यापाशी बसवलं आणि मी मास्तरांच्या मागोमाग निघाले. ते एकटे गेले तर औषधाच्या दुकानाच्या पायरीवरून परत फिरतील, अशी मला भीती होती. दोन्ही बाटल्या, चिठ्ठी आणि लाल दोऱ्याची सिरिंज असं सगळं त्यांनी आपल्या शिवणाच्या पिशवीत घेतलं होतं, त्यात टेपही होती.

दुकानात अजून माणसं होती. पँटवाला तिथेच कुणाशी गप्पा मारत उभा. "मास्तर, परत? आता कशाला हात लागला?"

मास्तरांनी पिशवी काउंटरवर ठेवली. मला त्यांची पाठ दिसत होती. आयुष्यभर वाकून शिवलेली पाठ त्यांनी सरळ केली, आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, मला वाचता येत नाही. बाटली सांडली नाही. मी बहिणीला रोज एवढं दिलंय." आणि दोऱ्याच्या जागी बोट ठेवलं.

बाईंनी सिरिंज हातात घेतली. त्यांचा चेहरा बदलला. "त्यांना आत्ता कसं आहे?"

"चक्कर येते. तोंड कोरडं. आज खाली बसल्या," मी मागून म्हणाले.

"आता एक थेंबही देऊ नका. आधी दवाखाना." त्यांनी फोन उचलला, आमच्या डॉक्टरांचं नाव विचारलं, फोनवर काही आकडे सांगितले आणि ठेवला. "गाडी घेऊन त्यांना लगेच आणा म्हणताहेत." मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून त्या थबकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजोबा, एक मिनिट. हे समजून जा, म्हणजे पुढे असं होणार नाही. मिलिग्रॅम म्हणजे औषध किती. मिली म्हणजे पाणी किती. पहिल्या बाटलीत पाच मिलीत वीस मिलिग्रॅम औषध होतं. या बाटलीत तेवढ्याच पाच मिलीत पन्नास आहे. त्यांना लागतं वीसच. मग यातलं किती द्यायचं?"

मास्तर बाटलीकडे बघत राहिले. ओठ हलत होते. "म्हणजे... अंगाला लागतं तेवढंच लागतं. या बाटलीत दाट आहे, म्हणून कमी घ्यायचं. पन्नासला पाच, म्हणजे दहाला एक. वीसला दोन."

"बरोबर. दोन."

"म्हणजे पन्हा बदलला होता," मास्तर म्हणाले.

बाईंना कळलं नाही. पँटवाल्याला कळलं. त्यानं मान खाली घातली.

"पन्हा बदलला होता," ते पुन्हा म्हणाले, आता माझ्याकडे वळून. "सदऱ्याच्या कापडाला मी विचारतो. फडक्याला विचारतो. आणि तिच्या औषधाला विचारला नाही." बोलताना त्यांनी पिशवीतून टेप काढली होती, का कोण जाणे, आणि ती बोटांवर गुंडाळत होते.

दवाखान्यात आक्कांना सलाईन लावलं. रक्त तपासलं. अंगातलं पाणी आणि क्षार दोन्ही फार खाली गेली होती, मूत्रपिंडांवर ताण आला होता. डॉक्टरीण तरुण होती, धाकटीच्या वयाची. तिनं सगळं विचारून घेतलं, किती दिवस, किती औषध. मास्तरांनी काही लपवलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं लवकर आणलंत," आणि पुढच्या खाटेकडे गेली. रागावली नाही. बाहेर बाकावर बसल्यावर मास्तर म्हणाले, "चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, मी बोलू का. ते म्हणाले, "तू नको. तुझा वाटा आहे यात." खरं होतं.

आक्का उठल्या. आठवडाभरानं घरी आल्या, जरा लहान होऊन. कुणी भेटायला आलं की सांगायच्या, "भावानं मला नव्या कापडासारखं धुऊन आटवून घेतलं. आता मापाला पक्की." मास्तर त्या वेळी उठून आत जायचे. आक्का ते बोलायच्या थांबल्या, पण मास्तरांचं आत जाणं थांबलं नाही. पेपर आणणंही त्यांनी बंद केलं. आक्काच एकदा म्हणाल्या, "अरे, आण की. मला काय, तू पान धर आणि बोल. बातम्या खऱ्याच असायच्या." त्यांनी आणला नाही. सिरिंजवरचा लाल दोरा त्यांनी कापून टाकला. दर नव्या बाटलीला दुकानात जाऊन काउंटरवर मोठ्यानं म्हणायचे, "मला वाचता येत नाही. यात पाच मिलीत किती आहे ते सांगा, आणि वीसला किती घेऊ ते सांगा. मग मी सांगतो, ते बरोबर आहे का बघा." बाई सांगायच्या, हे परत सांगायचे, तिथेच रिकाम्या सिरिंजवर रेघ दाखवायचे. दर वेळी कानांच्या पाळ्या लाल. गिऱ्हाइकांपैकी कुणी हसल्याचं मी तरी बघितलं नाही. ते हसले असते तर बरं, असं मात्र मला कधी कधी वाटायचं.

धाकटी बाळंतपणाला आली तेव्हा मी तिच्याकडून अक्षरं शिकले. पहिली पाटी म्हणजे आक्कांची बाटली. 'मि.ली.' आणि 'मि.ग्रॅ.' या दोन्हींत 'मि' सारखंच, पुढचं अक्षर बघायचं, असं तिनं शिकवलं. मास्तरांना म्हटलं, या, बसा. ते म्हणाले, "तू शीक. मला विचारायची सवय लागलीय, ती मोडायला नको." पण अंधार पडायला लागला की मी बाळाच्या औषधाची चिठ्ठी वाचायची, तेव्हा ते शेजारच्या खोलीत घरचं मशीन थांबवून ऐकायचे. ते मला कळायचं.

आक्कांनी बाळ बघितलं. मांडीवर घेतलं, त्याची लांबी वितीनं मोजली आणि मास्तरांना म्हणाल्या, "याला शाळेत घाला रे बाबांनो." सगळे हसले. मास्तरही.

त्या थंडीत आक्कांची धाप परत वाढली. तोच दवाखाना, तीच डॉक्टरीण. या वेळी औषधानं हवा तसा गुण दिला नाही. सकाळी ती बाहेर आली आणि म्हणाली, हृदय फार दमलं होतं, मूत्रपिंडांनीही साथ दिली नाही. मास्तर उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. मला ठाऊक होतं ते काय विचारणार. त्या लाल दोऱ्याच्या दिवसांनी आक्कांचे दिवस कमी केले का, एवढंच. औषधाच्या दुकानात, बँकेत, बसच्या थांब्यावर, कुठेही विचारायला शिकलेला माणूस. डॉक्टरीण थांबली, वाट बघत होती.

मास्तर म्हणाले, "सहीचा कागद कुठे आहे?"

तिनं कागद पुढे केला, पेन दिलं. त्यांना सही येत होती. त्यांनी पेन परत दिलं आणि शाईचं पॅड मागितलं. मीही काही विचारलं नाही. मला आता वाचता येत होतं, म्हणून कागद नीट वाचून त्यांना जागा दाखवली, आणि त्यांनी तिथे अंगठा केला.

आक्का धाकटीच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या थंडीत, एका गुरुवारी सकाळी गेल्या. मास्तर त्यानंतर सहा वर्षांनी, उन्हाळ्यात, दुकानातच वारले.